डिजिटल सातबारा घेताना जुना हस्तलिखित उतारा जवळ ठेवा

मेळघाट, धडगाव किंवा भामरागड यांसारख्या दुर्गम भागांत नेटवर्क मिळेल तेव्हाच कामे उरकावी लागत असल्याने, ज्या दिवशी सेतू केंद्रापर्यंत जाणे होईल त्या दिवशी जुना हस्तलिखित सातबारा आणि त्यावरील फेरफारांच्या, म्हणजे हक्कांतील बदलांच्या नोंदींच्या, नकला सोबत न्याव्यात. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीपुरता असतो. कर्जासाठी अथवा शासकीय कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा, ज्याचे शासकीय शुल्क १५ रुपये आहे.

उतारा हाती येताच तो तेथेच जुन्या कागदाशी ताडून पाहावा. खातेदारांची नावे, गट क्रमांक, हेक्टर-आरमधील क्षेत्र, भोगवटादाराचा (जमीनधारकाचा) वर्ग आणि इतर हक्कांतील नोंदी यांपैकी नावे व क्षेत्र यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हस्तलिखित नोंदी संगणकावर उतरवताना एखाद्या सहहिस्सेदाराचे, विशेषतः बहिणीचे वा विधवेचे, नाव गळाले असेल तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अशी लेखनप्रमाद स्वरूपाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. जुन्या उताऱ्याची व फेरफाराची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि पोच अवश्य घ्यावी. मात्र वारसाहक्काचा किंवा मालकीचा खरा वाद या कलमाने सुटत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

मूळ कागद लॅमिनेट करू नये. ओलाव्यापासून दूर, सपाट ठेवून त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे.