नावाने चालणाऱ्या नेटवर्कच्या संशोधनात पहिले पाऊल कसे टाकावे

अनंत चतुर्दशीच्या रात्री अलका टॉकीज चौकातल्या गर्दीत कित्येकांच्या मोबाइलवर एकाच मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण चालू असते. आजच्या इंटरनेटच्या लेखी ही सगळी स्वतंत्र संभाषणे असतात. प्रत्येक मोबाइल कुठल्या तरी सर्व्हरच्या पत्त्याशी वेगळा बोलतो आणि तेच चित्र त्याच टॉवरपर्यंत पुन्हा पुन्हा वाहून आणले जाते. ‘कुठून आणायचे’ याऐवजी ‘काय हवे आहे’ हे विचारणारे नेटवर्क बांधता येईल का, हा माहितीकेंद्री नेटवर्किंगचा, म्हणजे आयसीएनचा, मूळ प्रश्न आहे. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या किंवा एम.टेक.च्या ज्या विद्यार्थ्यांना या विषयात खरे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

वाचनाची सुरुवात परिभाषेपासून करावी, कारण या क्षेत्रात एकाच कल्पनेला वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळी नावे दिली आहेत. आरएफसी या इंटरनेटविषयीच्या क्रमांकित तांत्रिक दस्तऐवजांपैकी २०२० सालचा आरएफसी ८७९३ नेमका याच कामासाठी आहे. त्यानंतर व्हॅन जेकबसन आणि पार्क संशोधन केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या कोनेक्स्ट परिषदेत मांडलेला निबंध वाचावा आणि मग २०१६ सालचा आरएफसी ७९२७ हातात घ्यावा, ज्यात सुटायचे राहिलेले प्रश्न एकत्र मांडले आहेत. त्या निबंधातून पुढे दोन शाखा निघाल्या: २०१० पासून लिक्सिया झांग यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली एनडीएन (नेम्ड डेटा नेटवर्किंग), आणि आरएफसी ८५६९ व ८६०९ मध्ये २०१९ साली नोंदली गेलेली सीसीएनएक्स (कंटेंट-सेंट्रिक नेटवर्किंग). दोन्हींत फरक आहेत. एनडीएनमध्ये नावाचा फक्त सुरुवातीचा भाग देऊनही माहिती मागता येते, तर सीसीएनएक्समध्ये नाव पूर्ण जुळावे लागते. एका शाखेचे निष्कर्ष दुसरीला लावण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

यंत्रणा थोडक्यात अशी आहे. ग्राहक नाव लिहिलेले इंटरेस्ट पॅकेट पाठवतो. राउटर आधी स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे येऊन गेलेल्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात, पाहतो. तिथे नसल्यास याच नावाची मागणी आधीच पुढे गेली आहे का, हे प्रलंबित मागण्यांच्या तक्त्यात, म्हणजे पिटमध्ये, तपासतो. गेली असल्यास नवा मागणारा फक्त नोंदवून ठेवतो, आणि नसल्यास मार्गतक्ता पाहून मागणी पुढे धाडतो. उत्तराचे डेटा पॅकेट आल्या वाटेने परत जाते आणि त्यावर उत्पादकाची डिजिटल सही असते.

एवढे समजले की आणखी वीस निबंध वाचत बसू नये. लॅपटॉपवर लिनक्स घेऊन मिनी-एनडीएन बसवावे. त्यात एनएफडी, म्हणजे एनडीएनची पॅकेटे पुढे पाठवणारे खरे सॉफ्टवेअर, एकाच यंत्रावरील आभासी नेटवर्कमध्ये चालते, त्यामुळे महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पहिला प्रयोग चार नोडचा करावा: क आणि ख हे ग्राहक, ग हा राउटर, घ हा उत्पादक. ग आणि घ यांच्यातील दुव्याला २०० मिलिसेकंदांचा विलंब द्यावा आणि मार्ग हाताने टाकावेत, म्हणजे राउटिंग प्रोटोकॉलचा गोंधळ मध्ये येणार नाही. घ वर एनडीएनपोक चालवावे. हे साधन एका मागणीला एकदाच उत्तर देते आणि बंद होते. मग क आणि ख या दोघांवरून एनडीएनपीक या मागणी करणाऱ्या साधनाने तेच नाव शंभरएक मिलिसेकंदांच्या आत मागावे. उत्पादकाने एकदाच उत्तर दिलेले असते, तरी डेटा दोघांनाही मिळतो.

इथे बहुतेक जण ‘कॅश चालली’ असे लिहून मोकळे होतात, आणि तिथेच चूक होते. कॅश आणि पिट हे दोन निराळे परिणाम आहेत, ते वेगळे करून दाखवल्याशिवाय प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एनएफडीसी या एनएफडीच्या नियंत्रण-साधनाच्या आज्ञेने चारही नोडवरील कॅशची क्षमता शून्य करून प्रयोग पुन्हा करावा. चारही म्हणण्याला कारण आहे: घ वरील कॅश चालू राहिली, तर दुसरी मागणी तिथपर्यंत पोहोचूनही उत्तर घेऊन येईल आणि आपली फसगत होईल. सर्वत्र कॅश बंद असतानाही दोघांना डेटा मिळाला, तर ती पिटची करामत आहे. ग कडून घ कडे किती इंटरेस्ट गेले, हे फेसच्या, म्हणजे त्या दोघांमधल्या जोडणीच्या, मोजणीत ताडून पाहावे. त्यानंतर दोन सेकंद थांबून तिसऱ्यांदा मागावे. आता डेटा येत नाही. चौकातल्या प्रेक्षकांना पिटचा उपयोग नेमका किती काळ होतो आणि कॅशची गरज कुठून सुरू होते, हे या तीन मागण्यांत जेवढे स्वच्छ दिसते तेवढे कोणत्याही आकृतीत दिसत नाही.

दुसरा प्रयोग नावांचा करावा, आणि तो मराठी नावांवर करावा असा माझा आग्रह आहे. समजा, पुरंदर तालुक्यात कऱ्हा नदीवर पाणीपातळी मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याला ‘/पुणे/पुरंदर/कऱ्हा/पाणीपातळी’ असे नाव दिले. नेटवर्कला अक्षरे कळत नाहीत. त्याला बाइट दिसतात आणि त्यांचीच तुलना होते. ‘पुणे’ या घटकाचे यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट होतात. पण ‘कऱ्हा’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, तीन बाइटांत, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन, सहा बाइटांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सेन्सरने पहिल्या प्रकारे नाव जाहीर केले आणि ग्राहकाने दुसऱ्या प्रकारे मागितले, तर मागणी सेन्सरपर्यंत पोहोचणारच नाही. पत्त्यावर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये हा दोष वरच्या थरात राहतो, इथे तो थेट राउटरच्या तक्त्यात उतरतो. नावांचे प्रमाणीकरण उत्पादकाने करावे, ग्राहकाने करावे की त्या नामावकाशाच्या, म्हणजे नावांच्या त्या गटाच्या, नियमांतच ते बांधून टाकावे, यावर प्रयोगासह लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आपल्याइतके जवळून कुणी पाहणार नाही.

संशोधनाचा प्रश्न निवडताना ‘कॅशमधून काय काढून टाकावे’ याची नवी पद्धत हा विषय मी घेऊ देत नाही. त्यावर अमाप लिहून झाले आहे. शिवाय २०१३ च्या सिगकॉम परिषदेतल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की कॅशचा बहुतांश लाभ नेटवर्कच्या केवळ कडेला कॅश ठेवूनही मिळतो. खरी खोली विश्वासाच्या प्रश्नात आहे. डेटावर सही आहे हे पुरेसे नसते. कऱ्हेच्या पाणीपातळीवर सही करण्याचा अधिकार कोणत्या किल्लीला आहे, हे नावांच्या रचनेतूनच ठरवणाऱ्या ट्रस्ट स्कीमावर अजून बरेच काम व्हायचे आहे. अनेक उत्पादकांचे डेटासंच एकमेकांशी जुळते ठेवणारे स्टेट व्हेक्टर सिंकसारखे प्रोटोकॉल आणि खोट्या मागण्यांनी पिट भरून टाकणारे हल्ले, हेही सकस विषय आहेत.

कोणताही विषय घेतला तरी तुलना आजच्या चांगल्या व्यवस्थेशी करावी. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत २०२२ साली सुरू झालेला ‘मीडिया ओव्हर क्विक’ (क्विक हा डेटा वाहून नेणारा प्रोटोकॉल) हा कार्यगट नाव दिलेले मीडिया-प्रवाह मधल्या रिलेमार्फत पोहोचवण्याची सोय आजच्याच इंटरनेटवर करू पाहत आहे. त्यामुळे अलका चौकाचे उदाहरण घेऊन आयसीएनची बाजू मांडायची असेल, तर तोच विलंब, तीच बँडविड्थ आणि तेवढीच कॅश देऊन दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्यात, प्रत्येक मोजणी किमान दहा वेळा करावी, आणि आयसीएन जिथे मागे पडले ते आकडेही त्याच तक्त्यात छापावेत.