खिंडसीला दिवसभर जायचं तर पिशवीत काय भराल?

नागपूरहून रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जाण्याची तयारी दिवस निवडण्यापासून सुरू होते. कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा हा काळ उत्तम. पाऊस परतलेला असतो, तलाव भरलेला असतो आणि टेकड्या अजून हिरव्या असतात. फक्त त्रिपुरीच्या आसपासचे दोन-तीन दिवस सोडा; रामटेकला यात्रा असते आणि गावातून गाडी काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. आदल्या रात्री नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की कधीकधी इकडेही आभाळ येतं. विजांचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला, त्यात हुशारी दाखवू नका.

लाटा बघायच्या असतील तर वाऱ्याची दिशाही बघून ठेवा. समुद्राची अपेक्षा नको, पण सूर नदी अडवून केलेला हा तलाव चांगला ऐसपैस आहे, आणि वाऱ्याला जितकं लांब मोकळं पाणी मिळेल तितकी लाट मोठी होते. ज्या काठावरून वारा येतो तिथे पाणी सपाट असतं, धडका बसतात त्या समोरच्या काठावर. या दिवसांत वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून असतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेचा काठ धरा. सकाळी पाणी निवांत असतं आणि ऊन चढलं की वारा सुटतो. त्यामुळे दुर्बीण सकाळी काढा, लाटा दुपारसाठी ठेवा.

सगळ्यात जास्त विचार पायांचा करा. पाळीला, म्हणजे धरणाच्या बांधाला, पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर असतं. लाट दगडांच्या फटीत शिरते, आत गुडगुडते आणि फेस, काटक्या, पानं घेऊन परत येते. बघायला मजा येते, पण त्या पट्ट्यातल्या दगडांवर शेवाळ असतं. करडा, कोरडा दगड भरवशाचा. काळपट, चमकणाऱ्या दगडावर पाय ठेवायचाच नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. स्लीपर घरी ठेवा, खाचदार तळव्याचे बूट घाला, मोज्यांचा एक जोड जास्त घ्या. भरलेल्या तलावात काठालगतही खोली कळत नाही, म्हणून पोहण्याचे कपडे यादीत नकोतच. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट बकल लावूनच, आणि लहान मुलाला त्याच्या मापाचं मिळालं नाही तर बोट रद्द.

कपड्यांचं सोपं आहे. ऑक्टोबरचं ऊन नागपूरकराला सांगायला नको: दुपट्टा, टोपी, गॉगल. दिवाळीनंतर पहाटे निघायचं असेल तर वर एक पातळ स्वेटर. मोबाइल आणि गाडीची किल्ली झिप लागणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत.

कामठी, कन्हान करत मनसरला यायचं आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडून उजवीकडे रामटेककडे वळायचं. नागपूर ते रामटेक साधारण ५० किलोमीटर. तर्री पोहे वाटेतच उरकून घ्या. दुपारसाठी तिखट पुऱ्या आणि सुकी भाजी पुरते. काठावर वाऱ्यात पातळ भाजी वाढणं म्हणजे निम्मी शर्टावर. आंबिया बहाराची, म्हणजे या हंगामात येणारी संत्री बाजारात आली असतील तर डझनभर घ्या. सालं टाकायला एक रिकामी पिशवी लागतेच. पाणी माणशी दोन लिटर.

रामटेकच्या टेकडीवरचं गडमंदिरही करायचं असेल तर खाण्याचं सगळं गाडीत बंद ठेवा. तिथल्या माकडांना पिशवीचा आवाज लांबून कळतो, आणि हातातलं संत्रं ती मागून नेत नाहीत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. गाडीत टॉर्च असू द्या, आणि पाच वाजले की पाळीवरून उतरायला लागा.