स्तंभालेखात स्तंभच दिसत नाहीत? या चुका टाळा

उन्हाळा लागला की प्रबंधांची घाई सुरू होते. यवतमाळकडच्या एका कृषी महाविद्यालयात मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे या दिवसांत माझ्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून कोणी ना कोणी बसलेलं असतंच. तक्रार बहुधा एकच. "सर, टी-५ अन् टी-७ चा बार दिसूनच नाही राह्यला." टी म्हणजे ट्रीटमेंट, प्रयोगात तपासलेला एकेक उपचार. तोवर पोरानं आलेख तीनदा पुसून पुन्हा काढलेला असतो, रंग बदललेले असतात, एखाद्यानं तर सॉफ्टवेअरच काढून नव्यानं टाकलेलं असतं. आलेख काढायचा प्रोग्राम ओरिजिन असो, एक्सेल असो की ग्नूप्लॉट, बहुतेक वेळा दोष आलेखात नसतोच. तो तक्त्यातल्या एखाद्या सेलमध्ये असतो. म्हणून आलेखाला हात लावू नका, आधी तक्ता उघडा.

आकड्यासारखा दिसणारा मजकूर

सेलमधली नोंद डावीकडे चिकटलीय की उजवीकडे, एवढंच पाहा. एक्सेल आणि ओरिजिन दोन्हीत खरा आकडा आपसूक उजवीकडे बसतो आणि मजकूर डावीकडे राहतो. सुबक दिसावं म्हणून तुम्ही सगळंच मध्यभागी आणलं असेल तर ही खूण पुसली जाते. ती मांडणी काढा, गुन्हेगार सेल लगेच डावीकडे सरकेल.

त्या सेलमध्ये काय सापडतं? "४२ मिमी", म्हणजे आकड्याला चिकटलेलं एकक. "१८.४ब", म्हणजे कोणते उपचार सारखे ते दाखवायला सरासरीला जोडलेलं गटाचं अक्षर. पीडीएफमधून उचललेल्या आकड्यामागे लपलेली मोकळी जागा. शून्याऐवजी टंकलेलं इंग्रजी ओ अक्षर. देवनागरीत टंकलेले आकडेही ग्नूप्लॉटसारख्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत, म्हणून तक्त्यात आकडे इंग्रजीच ठेवा. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे जिथं स्वल्पविरामानं रकाने पाडतात तिथं, आपल्या पद्धतीनं १,२५,००० असा स्वल्पविराम दिलात तर एका आकड्याचे तीन रकाने होतात आणि पुढचं सगळं सरकतं.

कीटकशास्त्राच्या मुलांना एक चूक हमखास भोवते. किडींच्या संख्येत ०.५ मिळवून तिचं वर्गमूळ रूपांतर करून ते आपण कंसात लिहितो: मूळ सरासरी ४.०, शेजारी (२.१२). दोन्ही एकाच सेलमध्ये असले तर तो मजकूर झाला आणि स्तंभ गायब. कंसातला आकडा वेगळ्या सेलमध्ये टाकला तर आणखी वेगळंच होतं. हिशेबाच्या वहीत कंस म्हणजे उणे, एक्सेल तोच अर्थ घेतं आणि (२.१२) चं उणे २.१२ करतं. मग स्तंभ अक्षाच्या खाली लोंबतात. मूळ आकडे एका रकान्यात, रूपांतरित दुसऱ्यात, आणि कंस फक्त प्रबंधाच्या छापील तक्त्यात. तसंही आलेख मूळ सरासरीचाच काढावा, वर्गमुळातला पतंग कोणाच्या शेतात उडत नाही.

'निरंक' म्हणजे नेमकं काय?

नोंदवहीत "निरंक" लिहायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पावसाची वही असो की कामगंध सापळ्यांची (गंधानं पतंग पकडणारे सापळे), तोच शब्द टंकला जातो आणि तिथला स्तंभ उडतो. मग कोणी सरसकट "निरंक" बदलून शून्य करतं. इथं मी पोरांना थांबवतो. सापळा पाहिला आणि एकही पतंग नव्हता, तर ते शून्य खरं. पण सापळा वाऱ्यानं फाटला होता किंवा त्या दिवशी कोणी गेलंच नाही, तर ती नोंद नाहीच, सेल रिकामा ठेवायचा.

फरक किती पडतो ते पाहा. कपाशीत पाच सापळे आहेत. चारांत गुलाबी बोंडअळीचे ९, १०, ९ आणि ८ पतंग सापडले, पाचवा फाटलेला. चौघांची सरासरी येते ९. फाटलेल्याला शून्य दिलं तर ३६ भागिले ५, म्हणजे ७.२. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथं फवारणी करायची ती रेषा, आहे सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंगांची. एका चुकीच्या शून्यानं स्तंभ रेषेच्या वरून रेषेच्या खाली आला. हा आलेख पोस्टरवर लावला आणि तो पाहून एखाद्या शेतकऱ्यानं फवारणी पुढं ढकलली, तर बोंडं त्याची सडणार आहेत. म्हणून या एका गोष्टीसाठी मी मुलांना मूळ वही आणायला लावतो आणि प्रत्येक "निरंक"पुढे बोट ठेवून विचारतो, "त्या दिवशी सापळा जागेवर होता का रे?"

जुलैचा पाऊस जानेवारीत

मागं एका मुलीनं पावसाचा आलेख दाखवला. जुलैच्या रोजच्या नोंदी, ३१ स्तंभ यायला हवेत. पडद्यावर मात्र वर्षभर पसरलेल्या केसासारख्या बारीक बारा रेघा, आणि बाकी सगळं मोकळं. रुंदी वाढवून वाढवून ती थकली होती. मी तारखा पाहिल्या. तिनं ०१/०७ लिहिलं होतं, पण लॅपटॉपची सेटिंग अमेरिकी पद्धतीची, महिना आधी आणि दिवस नंतर. १ जुलै झाला ७ जानेवारी, २ जुलै झाला ७ फेब्रुवारी. असे जुलैचे पहिले बारा दिवस बारा महिन्यांच्या सात-सात तारखेला जाऊन बसले. १३ तारखेपासून तेरावा महिना कुठून आणणार? त्या नोंदी तारीख म्हणून वाचल्याच गेल्या नाहीत.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा आणि त्यानंतरच नोंदी टंका किंवा सीएसव्ही उघडा. आधीच चुकलेल्या तारखा सेटिंग बदलून सुधारत नाहीत. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं तर घोळाला जागाच राहत नाही.

तारखा बरोबर असूनही स्तंभ रेघेएवढे दिसतात, तेव्हा कारण बहुधा अक्षाच्या प्रकारात असतं. आठवड्याला एक नोंद आहे, पण एक्सेलनं अक्ष तारखेचा धरला तर तो प्रत्येक दिवसाला जागा राखतो. सात दिवसांच्या जागेत एका दिवसाचा स्तंभ. अ‍ॅक्सिस टाइपमध्ये टेक्स्ट अ‍ॅक्सिस निवडला की स्तंभ भरतात. पावसाळ्याच्या आलेखाला हवामान आठवड्याचा (१ जानेवारीपासून मोजलेल्या आठवड्याचा) क्रमांक दिला तर आणखी सुटसुटीत: २३ वा आठवडा म्हणजे ४ ते १० जून.

अक्ष शून्यापासूनच

उगवण ८६, ८८ आणि ९१ टक्के. एक्सेल स्वतःहून अक्ष शून्याच्या बऱ्याच वरून सुरू करतं आणि ९१ चा स्तंभ ८६ च्या दुप्पट-तिप्पट वाटू लागतो. काही प्रोग्रामांत अक्ष सगळ्यात लहान आकड्यापासूनच सुरू होतो आणि त्या आकड्याचा स्तंभ दिसतच नाही. स्तंभाची उंची हीच त्याची भाषा आहे, म्हणून किमान मर्यादा हातानं शून्यावर बांधा. लॉग अक्षावर (१, १०, १०० अशा पटीनं वाढणाऱ्या) मात्र शून्य दाखवताच येत नाही, तिथं शून्याचा स्तंभ शोधू नका.

सोयाबीनचं उत्पादन हेक्टरी १८०० किलो आणि तेल १९ टक्के, दोन्ही एकाच अक्षावर टाकले तर तेलाचा स्तंभ नऊ सेंटिमीटरच्या आलेखात एक मिलिमीटरही भरत नाही. तो आहे, फक्त दिसत नाही. तेल दुसऱ्या अक्षावर नेलं की एक्सेलमध्ये दोन्ही स्तंभ एकमेकांवर चढतात आणि मागचा झाकला जातो. दोन वेगळे आलेख काढा, माझं तरी मत तेच.

एरर बार

स्तंभाच्या टोकावरची, सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते ते दाखवणारी रेघ म्हणजे एरर बार. सगळ्यात जास्त गुण इथंच जातात. ओरिजिनमध्ये एररचा रकाना "सेट अ‍ॅज" मधून "वाय एरर" केला नाही, तर त्याचे वेगळे बुटके स्तंभ उभे राहतात. एक्सेलची चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. तिथं तयार "स्टँडर्ड एरर" निवडलं तर एक्सेल समोरच्या स्तंभांच्या उंचीवरूनच एरर काढतं. तुमच्या प्रयोगाच्या तीन पुनरावृत्ती त्याला माहीतच नसतात. "कस्टम" निवडा आणि विश्लेषण तक्त्यातली एसई(एम), म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी, अधिक आणि उणे दोन्हीकडे द्या. आलेखाखाली एसई(एम) दाखवलीय की सीडी (दोन सरासरींत खरा फरक मानायला लागणारं किमान अंतर), ते लिहा. सीडी ही एसई(एम) ला √२ नं आणि सांख्यिकी तक्त्यातल्या टी च्या किमतीनं गुणून येते, म्हणजे दोन्हींच्या लांबीत बराच फरक असतो.

उरलेलं

फिल्टर लावून ओळी लपवल्या असतील तर एक्सेल त्यांचे स्तंभ दाखवत नाही. वर्षांचा रकाना मालिका समजला गेला तर २०२१, २०२२ असे दोन हजारांचे उंच स्तंभ येतात आणि खरे आकडे तळाशी दबतात. सिलेक्ट डेटामधून ती मालिका काढा आणि वर्षं अक्षाच्या नावांना द्या. टी-१ नंतर थेट टी-१० आला तर नावं टी-०१, टी-०२ अशी करा.

मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेलं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वाचता येईलच असं नाही, युनिकोडच वापरा. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये योग्य फाँट देऊनही "किलो"ची वेलांटी जागा सोडू शकते, त्यामुळे छापण्याआधी प्रत्येक शब्द वाचून पाहा.

आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊ नका. ३०० डीपीआयला एक्सपोर्ट करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाइंडिंगला देण्याआधी झेरॉक्सवाल्याकडून एक पान काळं-पांढरं काढून घ्या. लाल आणि हिरवा तिथं एकाच राखाडीत मिसळतात. मिसळले, तर एका स्तंभाला तिरप्या रेघा द्या आणि दुसरा भरीव ठेवा.