गळाच्या हौसेसाठी तलावात शिकारी मासे सोडताना

युरोप-अमेरिकेत गळाच्या हौसेसाठी नॉर्दर्न पाइक सोडतात, मग आपल्याकडे तो का नको, असे सोलापुरातील हौशी मंडळी अधूनमधून विचारतात. पाइक हा थंड पाण्याचा मासा असून बर्फ वितळताच पाण्याखाली गेलेल्या गवतात अंडी घालतो. ज्या तलावांचे पाणी मे महिन्यात तापून गुडघाभर उरते, तिथे त्याचा निभाव लागणार नाही. जिथे तो जगतो तिथेही डोईजड होऊ शकतो. कॅलिफोर्नियातील लेक डेव्हिसमध्ये कुणीतरी चोरून सोडलेला पाइक १९९४ मध्ये आढळला आणि त्याला संपवण्यासाठी १९९७ व २००७ असे दोनदा तलावात विष घालावे लागले.

आपल्या मातीतला त्याच्या तोडीचा मासा म्हणजे मरळ. तोही पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि आपल्याच जातीची पिल्ले खातो; शिवाय वर येऊन हवा घेत असल्यामुळे उन्हाळ्यातही तग धरतो. मात्र तो आधी सोडायचा नाही, कारण शिकाऱ्याच्या तोंडी बीज, म्हणजे इतर माशांची पिल्ले, देण्यासाठी कुणी पैसे मोजत नाही.

तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात आहे का, हे प्रथम पाहावे व मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी. स्वतःच्या तळ्यात नको असलेले मासे असतील, तर ते मारण्यासाठी पाणी उतरलेले असताना, एक मीटर खोलीला हेक्टरी २,५०० किलो या हिशेबाने मोहाची पेंड टाकावी आणि त्यानंतर किमान तीन आठवडे बीज सोडू नये. पिण्याच्या पाण्याच्या तलावात हा उपाय अजिबात करू नये.

आपल्याकडे भरवशाचा पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून पाणी भरू लागले की कटला, रोहू आणि मृगल यांच्या बोटुकल्या ४०:३०:३० या प्रमाणात सोडाव्यात. मांसासाठी हेक्टरी ५,००० ते १०,००० सोडतात. गळाला मोठा मासा हवा असल्यास माझ्या मते ३,००० पुरेत. बोटुकली बोटाएवढी, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटरची असावी.

बोटुकल्या पाण्याच्या पिशवीत येतात; पिशवी सोडण्याची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. मी एकदा घाईने भर दुपारी पिशव्या फोडल्या आणि सूर्यास्तापर्यंत पांढरी पोटे वर आली. बांधलेली पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड सोडून तलावाचे पाणी मगाने थोडे थोडे आत घालावे आणि शेवटी पिशवी आडवी करून बोटुकल्यांना आपणहून बाहेर पोहू द्यावे. त्यांना ओतू नये.

पुढच्या पावसाळ्यात हे मासे वीतभर झाले की मरळ सोडावा: एकसारख्या आकाराचा, कारण लहानमोठे एकत्र आले की मोठे लहानांना गिळतात, आणि थोडाच, एकरी शंभराच्या आत. सांडव्याला बारीक जाळी लावावी. पावसाच्या रात्री ओल्या गवतातून सरपटत मरळ बांध ओलांडतो, म्हणून काठालाही हातभर उंच जाळी हवी. ती नसेल तर मरळ ओढ्याने थेट सीना नदीला पोहोचतो. आफ्रिकन मांगूर मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नये, त्यावर बंदी आहे.

पावसाळ्यात काठाजवळ मरळाच्या लालसर पिल्लांचा गोळा हलताना दिसला, तर त्याखाली राखणीला आई-बाप असतात. त्या जागी गळ टाकू नये.