जोड डबीतच हवा: वायरिंगच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून पोरं जळगाव-धुळ्याकडे साइटवर हाताखाली येतात, तेव्हा बोर्ड भरणं, टू-वे स्विचची जोडणी हे सगळं त्यांना येत असतं. जोडाकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. वायरी सोलल्या, पीळ दिला, टेप गुंडाळला आणि पाइपात सारलं. माझ्या पाहण्यात घरातले निम्मेअधिक बिघाड याच जागी निघतात.

आधी एमसीबीबद्दलचा गैरसमज काढून टाका. "एमसीबी आहे ना, काई व्हत नई भाऊ," असं घरमालकही म्हणतात आणि जुने कारागीरही. एमसीबी पडते ती शॉर्ट झाला किंवा लोड जास्त झाला तर. ढिल्या जोडातून करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. 2000 वॉटचा गिझर साधारण 9 अँपिअर घेतो. जोडात पाव ओहम अडथळा आला, तर त्या एका ठिकाणी 20 वॉट उष्णता तयार होते. 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते, यावरून अंदाज घ्या. 16 अँपिअरच्या एमसीबीला यातलं काही कळत नाही. करंट जमिनीत गळला की पडणाऱ्या आरसीसीबीलाही नाही, कारण इथे तो गळत नसतो.

त्यात आपला उन्हाळा. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश असते, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात नुसती हवाच 45 च्या पुढे जाते. स्लॅबमधला पाइप रात्रीपर्यंत तापलेला असतो. थंड गावात जो जोड वर्षानुवर्षं तग धरेल, तो इथे लवकर जातो.

मागे एका घरात लाइट लपकतात म्हणून फॉल्स सीलिंगचा तुकडा काढला. जोडाला डबी (जंक्शन बॉक्स) नव्हतीच. टेपचा गोंद पातळ होऊन टेप घरंगळला होता, आतलं तांबं काळं-जांभळं पडलेलं, आणि वायरीचं कव्हर नखाने दाबलं की तुकडे पडत होते. जळालेली वायर न्यूट्रल होती. नवीन मुलं फेज घट्ट करतात आणि न्यूट्रल कसाही चालेल असं धरून चालतात. पण फेजमधून जातो तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत येतो. थ्री-फेज घरात मेन न्यूट्रल सुटला, तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो.

म्हणून पहिली सवय ही: शक्यतो जोडच नको. बोर्ड ते बोर्ड लूप घ्या, वायर अखंड ओढा. जोड द्यावाच लागला तर तो डबीत, आणि डबी अशी हवी की झाकण उघडून हात घालता येईल. प्लास्टरखाली किंवा पीओपीच्या वर बंद करून टाकलेली डबी उपयोगाची नाही. पाइपाच्या आत जोड तर कधीच नाही.

कनेक्टर कोणता घ्यायचा, ते वायरीवर ठरतं. लिव्हर दाबून वायर पकडणारे वॅगो कंपनीचे 221 कनेक्टर चांगले. त्यात 4 चौरस मिमीपर्यंतचे लहान आकाराचे कनेक्टर 11 मिमी सोललेली वायर मागतात. कमी सोलली तर पकड कव्हरवर बसते, जास्त सोलली तर तांबं बाहेर उघडं राहतं. पारदर्शक अंगातून टोक पुरतं आत गेलं का ते पाहा. स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर तशीच घालू नका, स्क्रू तारा कापतो. टोकाला पिन लग (धातूची बारीक टोपी) क्रिंप करा, म्हणजे हत्याराने दाबून बसवा. टोकाला कथील लावून स्क्रूखाली दाबायची पद्धत सोडून द्या. कथील दाबाने हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो. गिझरला चिनीमातीचा कनेक्टर चालतो, पण त्यावरचं अँपिअर वाचून घ्या. तांबं आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना पिळायचं नाही. मळ्यातल्या घरांत सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरकडे येणारी) ॲल्युमिनिअमची असते. तिथे बायमेटल लग किंवा दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टरच लावा. जोड झाल्यावर एकेक वायर ओढून बघा.

डबी कोंबून भरू नका. प्रत्येक वायरीला वीतभर शिल्लक ठेवा, पुढच्या माणसाला काम करता आलं पाहिजे. न वापरलेली भोकं बुजवा. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, उंदीर वायर सोडत नाहीत. लोखंडी डबी असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट आणि डबीला अर्थिंग. कूलर अंगणात किंवा गॅलरीत असतो, तिथे आयपी 55 किंवा 65 ची (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) डबी घ्या आणि केबल खालून आत घ्या, म्हणजे पाणी ओघळून डबीत उतरणार नाही. कूलरची बॉडी पत्र्याची आणि आत पाण्याचा पंप, त्यामुळे त्याचा अर्थिंगचा जोड सर्वांत आधी तपासा.

हात घालण्याआधी मेन बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. लोडशेडिंगमुळे घरोघरी इन्व्हर्टर आहे. मेन पाडलं तरी त्याची लाइन जिवंत असते. इन्व्हर्टरही बंद करा, मग चालू लाइनवर आधी तपासून घेतलेला टेस्ट लॅम्प लावून खात्री करा. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन मेलेली, असं समजू नका.

परवान्याशिवाय स्वतंत्र काम अंगावर घेऊ नका. परवाना असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली शिका. शेवटी झाकणाचे दोन्ही स्क्रू लावा, झाकणाच्या आत मार्करने सर्किट लिहा. प्लास्टर व्हायच्या आधी पाइपांचे आणि डब्यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा. उद्या कुणी भिंतीत ड्रिल मारायला आला, तर पाइप कुठून गेलाय ते त्याला दिसेल.