सोलापुरात घर विकताय? किंमत ठरवताना या चुका टाळा

सुरुवातीला भलताच आकडा सांगितला की खरे गिऱ्हाईक परत फिरते. सहा महिन्यांनी भाव उतरवला, तर तेच गिऱ्हाईक ‘घरात काहीतरी भानगड असणार’ असा संशय घेते. म्हणून पहिला आकडा नीट काढा.

सर्वांत महागात पडते ती क्षेत्रफळाची चूक. ‘शेजारचा नऊशेचा फ्लॅट ३६ लाखांना गेला, आपलाही नऊशेचाच,’ असा हिशेब सर्रास होतो. पण हे नऊशे म्हणजे जिना, पॅसेज धरून सुपर बिल्टअप. समजा, शेजारचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ६५० चौरस फूट आहे, म्हणजे दर पडला चौरस फुटाला ५,५३८ रुपये. तुमचा कार्पेट ६०० असेल, तर त्याच दराने किंमत होते सुमारे ३३ लाख २३ हजार. पावणेतीन लाखांचा फरक! टेप घेऊन खोल्या आतून मोजा आणि तुलना कार्पेटवरच करा.

दुसरी चूक, जाहिरातीतला भाव खरा मानणे. तो मालकाने मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले गेल्या वर्षभरातले व्यवहार शोधा आणि सूची क्रमांक २ मध्ये (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, ‘इंडेक्स टू’) ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ हे दोन्ही रकाने वाचा. तुलना त्याच वस्तीतली हवी. जुळे सोलापूरचा दर भवानी पेठेतल्या जुन्या घराला लावून चालत नाही. २०२५ मध्ये होटगी रोडवरून विमानसेवा सुरू झाली म्हणून तिथून दूरच्या शेळगीतल्या घराचे दोन लाख वाढवायचे, हेही गिऱ्हाईक मान्य करणार नाही.

रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले मिळकतींचे दर, विसरू नका. समजा, सरकारी मूल्य ३० लाख आहे आणि तुम्ही २६ लाखांना व्यवहार केला. मुद्रांक शुल्क ३० लाखांवरच लागेल. शिवाय फरक दहा टक्क्यांच्या सवलतीपलीकडे जात असल्याने आयकरातही तुमची विक्री ३० लाखांची धरतात आणि घेणाऱ्यालाही वरच्या चार लाखांवर कर पडू शकतो.

कागदांची किंमतही आकड्यात धरा. गुंठेवारीचा (जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेला) प्लॉट नियमित केलेला नसेल, बांधकाम परवाना किंवा वापर परवाना नसेल, तर बँक कर्ज द्यायला कचरते आणि कर्जाशिवाय घेणारेच उरतात. असे गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते. त्यामुळे आधी मिळकतकराची थकबाकी भरा, घर वारसाने आले असेल तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) वारसांची नावे लावून घ्या, मग भाव सांगा.

मॉड्युलर किचनला घातलेले चार लाख जसेच्या तसे परत मिळत नाहीत. त्याउलट मोठा हौद आणि चालू बोअर असेल तर ते आवर्जून सांगा, कारण महापालिकेचे पाणी इथे रोज येत नाही. सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट एप्रिल-मेमध्ये तापतो. गच्चीला उष्णतारोधक लेप नसेल तर तो मुद्दा घासाघिशीत निघणारच.

घासाघिशीसाठी चार-पाच टक्के वर ठेवा, पंधरा नको. तीन-चार आठवड्यांत कोणी बघायलाच आले नाही, तर दर चढा आहे. लोक येतात, पण बोलणी पुढे सरकत नाहीत, तर कागद, ओल, पार्किंग तपासा. भाव कमी करायचाच असेल, तर दर आठवड्याला पंचवीस-पंचवीस हजार उतरवत बसू नका, एकदाच ठळक उतरवा.