चारशे सायकलींत आपली सायकल

देवळीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. संक्रांत झाली की जानेवारीतल्या एका रविवारी आमच्याकडून सेवाग्रामला सायकल रॅली निघते. वर्ध्यावरून जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, माणसं तीन-चारशे. जमलेल्या पैशातून खेड्यातल्या पोरींना शाळेत जायला सायकली घेतात. मी पंप अन् हत्यारं घेऊन सगळ्यांत मागे असतो, त्यामुळे कोण कुठं अन् कशानं अडकतं हे मला चांगलं ठाऊक आहे. यंदा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे लिहितो.

आधी पैशाचं. आपल्याकडे रॅलीत येणारा प्रत्येक जण ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दोन रुपये, पाच रुपये देणगी असं कबूल करून घेतो. पहिल्या वर्षी मी तोंडी विचारत फिरलो. "हो हो, लिहून घे गा माझे पाचशे," असं बाजारात अकरा जण म्हणाले. रॅली झाल्यावर चौघांनी दिले. बाकीच्यांच्या दारात जायची मलाच लाज वाटायला लागली, शेवटी पदरचे टाकले. आता पावतीबुक घेऊनच निघतो आणि पैसे आधी घेतो. व्यापारी माणूस ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतो. ज्या संस्थेकडे पैसे जातात तिची तशी नोंदणी आहे का, हे अगोदर विचारून ठेवा. दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेऊ नका, त्यावर करसवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआय सांगा. सवलतही जुन्या करपद्धतीत भरणाऱ्यालाच आहे, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं.

आता सायकल. ती शनिवारी संध्याकाळी आणू नका, त्या दिवशी मी फक्त हवा भरून पाठवतो. आठ दिवस आधी आणा. गिअरची पाहिजे असं काही नाही. मागच्या वर्षी जिनिंगमधले एक हमालदादा दांड्यांच्या ब्रेकची जुनी काळी सायकल घेऊन आले अन् माझ्या कितीतरी आधी पोचले. मी तीनच गोष्टी पाहतो: ब्रेकचे रबर, टायरच्या कडेच्या भेगा आणि सीट. सीट बहुतेकांची खाली असते. बसल्यावर टाच पायडलवर ठेवा. पायडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं मारताना गुडघा जरासाच वाकतो. चेनला खोबरेल नको, धूळ धरते. मशीनचं तेल चार थेंब टाका आणि फडक्यानं पुसून घ्या.

आपल्या रस्त्यावरचा खरा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. कुंपणाला काट्या नेणाऱ्या बैलबंडीतून तो डांबरावर सांडत जातो. गेल्या खेपेला एक पोरगा रडकुंडीला आला होता. "काका, आत्ताच तर नवी ट्यूब टाकली, परत कशी बसली?" मी टायर उघडलं अन् आतून बोट हळूहळू फिरवलं. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर टोचलं. काट्याचं टोक, बाजरीच्या दाण्याएवढं, रबरातच मोडून राहिलेलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. ते चिमट्यानं काढल्याशिवाय दहा ट्यूबा टाकल्या तरी बसतील. दुसरी चूक सोल्युशनची. लोक लावतात अन् लगेच ठिगळ चिकटवतात. आधी काचपेपरनं घासा, सोल्युशन पातळ पसरवा आणि बोटाला चिकटेनासं होईस्तोवर थांबा. चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा दम धरवत नसेल तर जवळ जादा ट्यूब ठेवा.

सराव म्हणून तीन रविवार पुरे: पंधरा, पंचवीस, पस्तीस किलोमीटर. पण एकट्यानं मारू नका. तीन-चार जण खांद्याला खांदा लावून चालवा, कारण गर्दीत चालवणं हे वेगळंच काम आहे. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही; तो जरासा वळला की आपण खाली. एकदम ब्रेक दाबायचा नाही. खड्डा दिसला की "खड्डा!" म्हणून ओरडायचं, मागच्यानं तेच पुढं ओरडायचं. थांबायचं असेल तर हात दाखवून डावीकडे रस्त्याच्या खाली उतरायचं. कापसाची ट्रॉली समोरून आली तर तिच्या पोटाचा फुगवटा दोन्हीकडे लटकत असतो, तेवढी जागा सोडा. आणि सुरुवातीच्या फोटोवाल्यांच्या मागे पळू नका. पहिले तीन किलोमीटर उडणारी पोरं मला पुढं सावलीत बसलेली भेटतात.

पहाटे थंडी असते, दहा वाजता चटका. स्वेटर घाला, पण तो कॅरिअरला बांधता आला पाहिजे. निघताना तर्रीपोहे दाबून खाऊ नका. तर्री पुढं बोलते. एक केळ आणि गूळ-शेंगदाणे बस. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे वाटेत घोट-घोट घ्यायचं.

सेवाग्रामला तासभर मिळतो. बापूकुटी बघा. गावाचं आधीचं नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं, हे मी दरवर्षी कोणालातरी सांगतो. आमच्या वडिलांची गोष्ट मात्र १९८५ ची असायची: बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेतली तरुण पोरं कन्याकुमारीहून काश्मीरला सायकलनं निघाली तेव्हाची. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हतं, ते सोबतच्या गाडीत पडून गेले. पन्नास किलोमीटरला कुरकुर करणाऱ्यांना वडील हेच ऐकवायचे.

परतताना वारा समोर असेल तर हलका गिअर लावा आणि एकमेकांच्या आडोशानं या.

एक तक्रार मी आयोजकांपुढे लावून धरली आहे. सायकली वाटतात, पण दोन वर्षांनी टायर झिजलं की ती गोठ्यात पडून राहते. माझाच धंदा आहे म्हणून बोलतो असं वाटेल, वाटू द्या. यंदा जमलेल्या पैशातला काही भाग टायर-ट्यूबसाठी ठेवायचं ठरलं आहे.

वाटेत काही झालं तर सायकल डाव्या बाजूला उलटी करून ठेवा आणि थांबा, मी मागून येतोच. कॅरिअरला निळा डबा बांधलेला असतो. त्या दिवशी हवेचे अन् पंक्चरचे पैसे घेत नाही. नव्या ट्यूबचे घेतो.